न मिळालेलं रॉकेल

देव माझ्याकडे पाठ फिरवतो, असं मी तेव्हा सरळ म्हणत असे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हे रेल्वेत नोकरीला, आणि यांची बदली कलकत्त्याला झाली होती. कचेरी गार्डन रीचला आणि आम्ही बेहाला नावाच्या भागात भाड्याने. ऐन वैशाखातही पाणी कडकडीत तापवल्याशिवाय मला आंघोळ झाल्यासारखी वाटत नसे. पण आंघोळ करून पूजेला बसलं की उजव्या डोळ्यापुढे धुकं यायचं. गणपतीला वाहिलेली जास्वंद विटकरी, मग राखी दिसायची आणि पायातलं बळ जायचं. तासाभराने सगळं जागच्या जागी. मला वाटे, सोवळ्यात काही चुकतंय. म्हणून मी पाणी आणखी तापवायची, पुन्हा आंघोळ करायची, आणि पुन्हा धुकं! आता हसू येतं, तेव्हा रडू यायचं.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत डोळा स्वच्छ झालेला असे. दोघांनी तपासून मनाचं दुखणं म्हणून सांगितलं. "माहेरी जाऊन ये, बरं वाटेल," हे म्हणाले. "वेड लागलंय असं सरळ म्हणा ना!" मी फणकारले. आतून मात्र घाबरले होते. खरंच माझं डोकं फिरत असेल तर? हे विचारायचं तरी कुणाला? पुण्याचं तिकीट निघालं.

त्याच आठवड्यात बंद पुकारला गेला आणि घरातलं रॉकेल संपलं. मी गणपतीला म्हटलं, बाकी काही नको, उद्याच्या पाण्यापुरतं रॉकेल तेवढं मिळू दे. नाही मिळालं. घरमालकांच्या आई, मासीमा, खाली हौदाशी गार पाण्याने आंघोळ करत. "बौमा, या उकाड्यात गरम पाणी कशाला? घे दोन बादल्या ओतून," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. बौमा म्हणजे सूनबाई, मला त्या तशीच हाक मारत. पारोशाने देवाला कसं शिवायचं, म्हणून चरफडत ओतून घेतल्या. पूजेला बसले, फूल वाहिलं आणि हात तसाच राहिला. जास्वंद लालभडक होती. गणपतीच्या सोंडेवरचा उडालेला टवकासुद्धा दिसत होता. आनंद झालाच, पण रागही आला. म्हटलं, मग इतके दिवस का छळलंस?

मासीमांना सगळं सांगितलं. त्या चमत्कार वगैरे काही म्हणाल्या नाहीत. बंद उठल्यावर मला ट्राममधून इस्पितळात घेऊन गेल्या, त्यांच्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे. लाजत लाजत मी आंघोळीची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."

आता एमआरआय काढून मेंदूतले डाग बघतात. तेव्हा ते यंत्र नव्हतं. गरम पाण्याचा टब होता. दुसऱ्या खेपेला हेही आले होते. मला टबात बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता. थोड्या वेळात अक्षरं पुसट होत गेली, पाय उचलेना. बाहेर काढून अंग निवल्यावर अक्षरं परत आली. मग पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं आणि आजाराला नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. यात मज्जातंतूंचं आवरण झिजतं, आणि अंग तापलं की ते तेवढ्यापुरते काम सोडतात. "यावर औषध नाही. उष्णता टाळा. आणि हे मनाचं नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. मी ढसाढसा रडले, ते दुःखाने नव्हे. माझं डोकं ठिकाणावर होतं. यांनी मान खाली घातली. "तिकीट परत करून येतो," एवढंच म्हणाले.

आज काठीशिवाय चालता येत नाही. त्याचं दुःख नाही म्हटलं तर खोटं होईल. कधीकधी जास्वंद अजून फिकी दिसते. तशीच वाहते आणि अंग निवेपर्यंत देवापुढे बसून राहते. मागणं मात्र बदललं. काय हवं ते सांगते आणि वर म्हणते, तुला नको वाटलं तर देऊ नकोस. त्या दिवशी त्याने माझं ऐकून रॉकेल दिलं असतं, तर मी पुन्हा पाणी तापवत बसले असते.