चव-वहीतली सही

सरनं घरचा डब्बा उघडला, माह्या खिचडीच्या गंजाकडं पाठ केली अन् वही पुढं ओढली.

"वाढा मावशी. चव चांगली आहे."

बाजूचा चमचा कोरडाच होता.

शाळेत खिचडी शिजवून मले नऊ वर्षं झाली. नियम असा हाय का लेकरायच्या आधी हेडमास्तरनं एक घास खावा, मंग चव-वहीत लिहून सही करावी. आमच्या सरनं नऊ वर्षांत एक शित तोंडात टाकलं नाही. काऊन, ते गावाले माहीत हाय. आम्ही बौद्ध. तांदूळ सरकारचा, पानी गावाचं, पन हात माहे. पहिल्या वर्षी लय रडली मी. मंग रडायचाही कंटाळा आला.

यंदा तालुक्याहून एक मॅडम आली. आहाराचं नवं धोरन येऊन राह्यलं म्हने. लेकरायले आता ज्वारी-बाजरी देनार, उद्याची पिढी धडधाकट करनार. माही माय जलमभर ज्वारीच खात होती, तवा तिले कोनी धोरन म्हनलं नाही.

सर मॅडमले म्हनाले, "रोज मी स्वतः चाखतो."

मॅडमनं मान हलवली. वही तिथंच उघडी होती. सोमवारचं पान. मी सातवीपर्यंत शिकेल हाय, वाचता येते मले. 'चव उत्तम.' खाली सही.

सोमवारी तांदूळच आला नव्हता. चूल पेटली नाही. लेकरं उपाशी घरी गेली, त्यात माही नातही होती. त्या आठवड्याच्या सह्या सरनं आदल्या शनवारीच करून ठेवल्या होत्या.

"मॅडम, सोमवारी काहीच शिजलं नाही," मी म्हनलं.

"मावशी," सर हळूच म्हनाले, "काम करायचंय ना तुम्हाला?"

"हाव सर, करायचं हाय. तुमी एक घास खा."

खाल्ला नाही. मॅडमनं घड्याळ पाह्यलं. लेकरं ताटं घेऊन बसली होती, त्यायले काऊन ताटकळत ठेवू? मीच चाखली. मंग सरचा पेन उचलला अन् वहीत लिहिलं, 'सरनं चाखली नाही.' खाली माही सही.

तवापासून रोज लिहून राह्यली. थकली मी, पन हात थांबत नाही. उद्या ज्वारी येवो का बाजरी, सर खाईस्तोवर हेच लिहीन. मले काढायचं असन तं काढा. काऊन काढलं, तेही त्याच वहीत लिहा, अन् खाली सही करा.