गोणीला कान नसतात

सोमवारी दुपारी अंबाडीचा रिक्षावाला आमच्या दारात आला आणि हळूमामा खाणीत सापडले म्हणाला. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. बाबांनी शर्ट घातला आणि ते त्याच्याबरोबर गेले. दादा गेला नाही.

हळूमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. हे नाव आम्हा मुलांनी ठेवलेलं. मग त्यांच्या कारखान्यातले लोकही त्यांना तसंच म्हणू लागले. ते पॉवरलूमवर जॉबर होते, बिघडलेले लूम लावून द्यायचे. भिवंडीत लूमच्या खडखडाटात काम केलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो, पण मामांचा आवाज कधी चढला नाही. त्यांच्याशी बोलायचं तर आपल्यालाच गप्प व्हावं लागे. गाव अंबाडीच्या पलीकडे होतं, पण मामी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून आठवडाभर ते आमच्याकडेच असत. शिफ्ट संपली की केसांत कापसाची पांढरी भुसभूस घेऊन जेवायला बसत आणि एकेक घास असा चावत की आई वैतागे. ती म्हणे, "भाऊ, तुझं जेवण होईस्तोवर पोरीचं लग्न होईल माझ्या." मामा पुढचा घास कालवत म्हणत, "मंग वरातीतच हात धुतो."

त्यांच्या गावच्या घरी आढ्याला कामठा टांगलेला असे. तिकडे धनुष्याला कामठा म्हणतात. एका कातकरी म्हाताऱ्याने तरुणपणी त्यांना तो बनवायला आणि चालवायला शिकवला होता. घरात कामठ्याची दोरी नेहमी उतरवलेली असायची. मी लहानपणी एकदा ती चढवून ठेव म्हणून हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "रातंदिवस ताठ राहिला तर तो दमतो. मानसासारखाच हाय." शिकारीला कायद्याने बंदी होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. तरी वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या पहाटे ते एकटेच रानात जात. भेकर, म्हणजे छोटं हरीण, मिळालं तर पाड्यावर घराघरांत वाटा जाई.

या गोष्टीचं त्यांनी कधी समर्थन केलं नाही. विहारात सगळे पंचशील म्हणत, तेव्हा जीव न घेण्याच्या पहिल्या ओळीला, पाणातिपाता वेरमणीला, मामांचे ओठ मिटलेले असत. दुसऱ्या ओळीपासून ते म्हणू लागत. बाबा एकदा चिडून म्हणाले की चारचौघांत असं बरं दिसत नाही, नुसतं म्हणायला काय जातं. मामा म्हणाले, "पयलं म्हनलं की चौथं मोडतं." चौथं शील खोटं न बोलण्याचं. नंतर मला एकटीला म्हणाले, "एक मोडलंय ना पोरी, म्हनून बाकीची चार जपतो." पाचवं दारूचं. लग्नात, हळदीत, कारखान्यातल्या पार्टीत, कुठेही त्यांनी ग्लासला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

मी अकरावीला सायन्सला गेले आणि ध्वनीचा वेग वाचला. त्यांना सांगितलं तर ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "पुस्तकातबी हाय? मंग बरोबर असंल." त्यांचं सगळं गणित त्यावरच होतं. दोरी सुटली की आवाज होतो, आणि तो तीर पोचायच्या आधी भेकराच्या कानात पोचतो. पळण्यासाठी उसळी घ्यायची तर भेकर आधी अंग खाली दाबतं. तेवढ्यात तीर येतो आणि जिथे काळीज होतं तिथे आता पाठ असते. त्यामुळे जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं. मामा म्हणत, "तीर कितीबी पळव, आवाज त्याच्या पुढंच. म्हनून तीर पळवायचा न्हाय, कामठा गप करायचा." त्यांचे तीर जाड वेळूचे, पुढे लोखंडी पातं, हातात घेतले की टोकाकडे झुकणारे. ते सावकाश जात, डोळ्यांना दिसत. दोरीवर दोन ठिकाणी कारखान्यातल्या वाया गेलेल्या सुताचे झुबके बांधलेले. दोरी सोडली की बोट गादीवर आपटल्याएवढाच आवाज होई. पंधरा-वीस पावलांच्या पलीकडे त्यांनी कधी तीर सोडला नाही. जवळ जाता आलं नाही तर घरी येत. आणि एक नियम होता. जखमी जनावर सोडून माघारी यायचं नाही, ते मरेपर्यंत मागे जायचं.

अंजूरकडच्या शेतांवर तेव्हा नुकती गोडाऊनं उभी राहू लागली होती. बी.कॉम. होऊन दोन वर्षं दादा घरी बसला होता. बाबांच्या ओळखीच्या एका शेठने त्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर घेण्याचं कबूल केलं, पण ती नोकरी महिनोन् महिने लांबत गेली. या शेठने परदेशातून एक धनुष्य आणवलं होतं. दोन्ही टोकांना चाकं, मधे नेम धरायची काडी, ॲल्युमिनियमचे तीर पेन्सिलीसारखे हलके. त्याला ते पाहुण्यांसमोर चालताना बघायचं होतं, गोणीवर नाही, भेकरावर. ते चालवायला मामांना विचारलं, तर त्यांनी दोनदा नाही सांगितलं. पाहुण्यांच्या करमणुकीला जीव घ्यायचा नाही, एवढंच. तिसऱ्यांदा बाबांनी ताटावर विषय काढला. "भाऊ, पोराचं आयुष्य आहे. एक भेकर म्हणजे काय मोठं?" आई भाकरी वाढत राहिली. मामा त्या दिवशी नेहमीपेक्षाही हळू जेवले. हात धुताना म्हणाले, "नेतो."

शनिवारी गोडाऊनच्या मागे चाचणी झाली. चिंध्या ठासून भरलेल्या गोणीतून तीर आरपार गेला. दादाने आणि शेठच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दोरी अजून झणझणत होती. मामा तिच्याकडे बघत म्हणाले, "गोणीला कान नसतात."

त्यांचे स्वतःचे तीर त्या धनुष्यावर चालेनात, फाकत. तेव्हा त्यांनी ते धनुष्य घरी आणलं, संध्याकाळभर बसून दोरीवर सुताचे झुबके बांधले, जिथे तीर टेकतो तिथे फडक्याची पट्टी लावली. मी धनुष्य धरून बसले होते. ते म्हणाले, "पळनारं हाय, पन गप बसंल आता."

रविवारी पहाटे जीप त्यांना आणि दादाला घेऊन गेली. दादा दुपारी एकटा परत आला आणि जेवता जेवता हसत सगळं सांगू लागला. जीपमधून उतरताना शेठ म्हणाले होते, ये क्या चिंधी बांधी है. पाहुणे हसले. म्हणून दादाने ते सूत आणि ती पट्टी सोडून टाकली. मामा काही म्हणाले का, असं मी विचारलं. नाही, नुसते बघत राहिले. भेकर वीस पावलांवर उभं होतं, मामांनी तीर सोडला. "इतका फास्ट तीर, दिसलासुद्धा नाही," दादा म्हणाला. लागला पाठीत, वरच्या बाजूला. भेकर झाडीत शिरलं, मामा त्याच्या मागे. जीप थोडा वेळ थांबली, मग पाहुण्यांना भूक लागली.

आई म्हणाली, "आणि तुम्ही त्याला सोडून आलात?"

"येईल गं. हळूमामा आहे तो, वेळ लागणारच."

झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच होतं.

त्याआधीच्या पावसाळ्यानंतर दगडखाणीची कड डोंगरात पुढे सरकली होती. मामांची ओळखीची पायवाट मधेच तुटली होती आणि तुटलेल्या जागेवर घाणेरीची झुडपं होती. सोमवारी कामाला आलेल्या माणसांना खाली दोघं दिसली, मामा आणि भेकर. भेकराच्या गळ्यावर सुरी फिरलेली होती. म्हणजे पडल्यावरही मामा काही वेळ जिवंत होते, आणि त्या वेळात त्यांनी ते काम पुरं केलं होतं. पोलीस येण्याआधी शेठच्या माणसांनी भेकर आणि तीर हलवले.

बाबा घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "शिकारीचं नाव काढायचं नाही. भाऊ प्यायले होते, पाय घसरला. तसंच लिहून दिलंय."

आई म्हणाली, "त्याने कधी थेंब घेतला नाही."

"आता त्यांना काय फरक पडतो? पोराला पडेल."

जो माणूस एक शील मोडतो म्हणून बाकीची चार जपत होता, त्याच्या नावावर आमच्या घराने पाचवं मोडल्याचं लिहून दिलं. मामांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहार भरला होता. सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथ्या ओळीला मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा आवाज स्पष्ट होता. दादाचाही. आईचे ओठ मिटलेले होते, आणि तिच्या मरणापर्यंत त्या ओळीला ते मिटलेलेच राहिले. तिने कारण कोणाला सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात दादाला नोकरी लागली. आता त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. लग्नकार्यात मामांचा विषय निघाला तर तो म्हणतो, बिचारा, दारूने गेला. हे तो इतक्या वेळा बोलला आहे की आता त्याला ते खरंच वाटत असावं. मामांच्या गावात एखादा पोरगा प्यायला लागला की म्हाताऱ्या बायका त्याला हळूमामांची खाण दाखवतात. मामांना हळू का म्हणायचे, हे त्या गावात आता कोणी सांगू शकत नाही.

बाबा गेले, आई गेली. मामांचं घर पडलं, त्याआधी मी कामठा काढून आणला. तो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. सुताचे दोन्ही झुबके जागेवर आहेत. दोरी उतरवलेली आहे.