पास्कूकाकांची आचारसंहिता

भांडायला निघण्यापूर्वी पास्कूकाका आपली बंदूक माझ्या घरी आणून ठेवायचे.

मी गावची पोलीस पाटील. नेमणूक होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका सकाळी पास्कूकाका अंगणात येऊन उभे राहिले. साठीकडे झुकलेला माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, गळ्यात क्रूस आणि खांद्यावर बायकोच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेली एकनळी बंदूक. नळीचं टोक फ्रॉकच्या बाहीतून बाहेर डोकावत होतं.

"पाटलीण, ही ठेव. सायमनाशी भांडूक जातंय."

नवीन नेमणूक, त्यामुळे नियम तोंडपाठ होते. परवानाधारकाने आपलं शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये, हे मी त्यांना पुस्तकी मराठीत ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पडवीतल्या खुंटीला बंदूक अडकवली.

"रागात माणूस आपलो नसता गो. मगे बंदूक तरी तेची कशी आसतली?"

याचं उत्तर मी पाठ केलेल्या नियमांत नव्हतं. "काडतुसां घराकडे आसत," जाता जाता ते म्हणाले, "दोघांची गाठ पडूक नको." थोड्या वेळाने त्यांच्या बांधावरून आरडाओरडा ऐकू यायला लागला. दुपारी जेवायच्या वेळेला ते परत आले, चेहरा न्हाऊन आल्यासारखा. तांब्याभर पाणी प्यायले, फ्रॉक नीट गुंडाळला आणि बंदूक घेऊन गेले. मिटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आजच्यापुरता."

सायमनकाका त्यांचे सख्खे चुलतभाऊ. बांधाच्या अलीकडे पास्कूकाकांचं घर, पलीकडे सायमनकाकांचं आणि बरोबर बांधावर हापूसचं एक जुनं कलम. ते आजोबांनी लावलं. आजोबांना नातवंडांची इतकीच काळजी असती तर त्यांनी ते चार हात इकडे किंवा तिकडे लावलं असतं. कलम कोणाचं आणि बांध कुठून जातो यावर पास्कूकाकांनी देवगडच्या कोर्टात दावा लावला होता, त्याला आता माझ्या लग्नापेक्षा जास्त वर्षं झाली होती. तारखेला दोघंही एकाच एसटीने जात. एक पुढे बसे, एक मागे. तारीख पुढची मिळाली की त्याच एसटीने परत. एकदा मी पास्कूकाकांना म्हटलं, एवढी वर्षं झाली, कंटाळा नाही येत? तर म्हणाले, "हय माणूस बंदुकीन मरणा नाय गो, तारखांनी मरता."

निवडणूक जाहीर झाली की गावातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. आमच्याकडे बंदुका शेतीसंरक्षणाच्या. डुकरांसाठी आणि माकडांसाठी रानात बार काढायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. पण आचारसंहिता ती आचारसंहिता. ठाण्यातून फोन आला की मी घरोघर सांगत फिरायची. आंबा धरायच्या दिवसांत निवडणूक आली की लोकांची तोंडं बघण्यासारखी होत. पास्कूकाका मात्र कधी नाही म्हणाले नाहीत. ठाण्यातल्या बाकावर बंदूक मांडीवर घेऊन, डॉक्टरकडे मूल आणल्यासारखे नंबर लागेपर्यंत बसायचे. परत येताना नारळाच्या झाडांकडे बोट दाखवून म्हणायचे, "आचारसंहिता लागली ह्या पयलां माकडांक कळता, मगे पेपरवाल्यांक."

बंदुका जमा करायच्या की नाही यावर आमच्या ग्रामसभेत दरवेळी चर्चा व्हायची, म्हणजे पास्कूकाका आणि सायमनकाका बोलायचे आणि बाकीचा गाव ऐकायचा. शांत जिल्ह्यातल्या लोकांना सरकारने गुंड समजू नये, असा ठराव पास्कूकाकांना हवा असे. सायमनकाकांना बंदुका परतच द्यायला नको होत्या. ते जन्मभर बोटीवर नोकरी करून आलेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे.

"बंदूक ती बंदूक," ते म्हणायचे. "जय जास्त, थय मरणां जास्त. मी जग बघलंय."

"जग बघलंस, पण ह्यो गाव बघलंस काय? घराघरात बंदूक आसा. कोणी कोणाक मारल्यान?"

"आजपर्यंत मारूक नाय, म्हणान उद्या मारूचो नाय असा नाय."

"अरे, तुका मारून माका काय गावतला? केस कोणाबरोबर लढवू?"

इथे सभा हसायची आणि विषय पुढच्या सभेवर जायचा. मला दोघांचंही पटायचं. प्रचाराला आलेल्या एका उमेदवारानेही दोघांना स्वतंत्रपणे "तुमचं अगदी बरोबर आहे" असं सांगितलं होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मग एका निवडणुकीनंतर बंदुका लगेच परत मिळाल्या नाहीत. सगळे परवाने पुन्हा तपासायचे आणि ज्यांची कोणाशी भांडणं आहेत त्यांच्या शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, असं ठरलं. पास्कूकाकांच्या नावापुढे चालू दावा होता. त्यांचा शेजारी एकच, आणि दाव्यातला समोरचा माणूसही तोच. वर तो बंदुकांच्या विरोधात. पास्कूकाकांच्या वडिलांपासूनची बंदूक ती, आणि बागेत माकडांनी धुमाकूळ घातलेला. पण तेवढंच नव्हतं. परवाना रद्द झाला असता तर हा माणूस धोकादायक आहे, असं सरकारने कायमचं लिहून ठेवलं असतं. पास्कूकाका दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं त्यांची बायको रोजीमावशी मला सांगून गेली.

माझी वेगळीच पंचाईत. हा माणूस धोकादायक नाही, याचा माझ्याइतका पक्का पुरावा कोणाकडेच नव्हता. रागाच्या वेळी ज्याची बंदूक माझ्या खुंटीला असते तो कोणाला काय मारणार? पण हे सांगितलं असतं तर परवाना त्याच कारणासाठी रद्द झाला असता, आणि माझं पदही बहुतेक गेलं असतं. हे आम्हा दोघांखेरीज आणखी एकाच माणसाला माहीत होतं. भांडायला येणारा पास्कू आधी माझ्या घराकडे वळतो, हे सायमनकाका आपल्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघत आले होते.

ठाण्यातले जमादार जबाब घ्यायला आले. सायमनकाकांच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. सरकारी माणसासमोर सायमनकाका स्वच्छ मराठी बोलत.

"पास्कूबद्दल काय सांगाल?"

"खोटारडा आहे. बांध सरकवतो. आमचे आंबे रात्रीचे काढतो."

"बंदुकीचं विचारतोय मी. भांडताना कधी बंदूक घेऊन आलाय तुमच्या अंगावर?"

"नाही."

"कधीच नाही?"

"भांडायला येतो तेव्हा त्याचे हात रिकामे असतात. मी मुद्दाम बघतो."

"मग तेव्हा बंदूक कुठे असते?"

सायमनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या तुळशीच्या दिशेने पाहिलं, पण ते ख्रिश्चनाचं घर असल्यामुळे तिथे तुळस नव्हती.

"घरात," सायमनकाका म्हणाले. कोणाच्या, ते जमादारांनी विचारलं नाही. "आणि आणखी एक लिहून घ्या. माझ्या मते जिल्ह्यातल्या सगळ्या बंदुका सरकारने काढून घ्याव्यात. पण पास्कूची सगळ्यात शेवटी."

परवाना राहिला. मी जबाब जसाच्या तसा पास्कूकाकांना सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. आता हा माणूस दावा काढून घेणार, असं मला वाटलं. शेवटी ते म्हणाले, "बरां केल्यान तेणी. पण जबाब येगळो, बांध येगळो." पुढच्या तारखेला एक पुढे बसला, एक मागे.

रोजीमावशी गेली ती ऐन थंडीत, चार दिवसांच्या तापाने. ती मिठबावची, हसरी, नवऱ्याच्या भांडणांना "तेंचो व्यायाम" म्हणणारी. मुलगा आग्नेल गोव्याहून आला, आठवड्याने परत गेला. बापाला बरोबर चला म्हणाला, बाप गेला नाही. नंतर काही दिवस त्या घराचं दार उघडलेलं कोणी पाहिलं नाही. मी डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा.

आणि एका सकाळी पास्कूकाका माझ्या अंगणात उभे. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. खांद्यावर फ्रॉकमधली बंदूक. खरं सांगते, मला आनंद झाला. माणूस भांडायला निघाला म्हणजे सावरला, असं वाटलं.

"सायमनकाकांनी काय केल्यानी आज?"

"सायमनान काय नाय केल्यान."

"मगे भांडण कोणाशी?"

"आज भांडण घरातच आसा," ते म्हणाले. "घरात मी एकटोच आसंय."

त्यांनी बंदूक खुंटीला लावली. मग पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मी झाकण उघडलं. आत काडतुसं होती, सगळी. इतकी वर्षं ती त्यांच्या घरीच राहत. आज घरात काहीच ठेवायला नको, असं त्यांनी ठरवलं होतं. ते आले तसेच गेले.

मी डबा कपाटात कुलूप लावून ठेवला आणि चपला घालून तशीच सायमनकाकांकडे गेले. ते पेपर वाचत होते.

"पास्कूकाकांनी बंदूक आणून ठेवल्यानी माझ्याकडे."

"माझ्याशी कित्याक भांडता? मी काय केलंय?"

"तुमच्याशी नाय. आणि काडतुसां पण दिल्यानी."

सायमनकाकांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढला. मग आत तोंड करून बायकोला ओरडले, "कोयतो खंय आसा?"

क्षणभर मी घाबरले. ते कोयता घेऊन तरातरा बांधावर गेले आणि त्या कलमाच्या खालच्या फांदीवर घाव घालायला लागले. फांदी मोहोराने लगडलेली. आमच्याकडे माणसाला एकवेळ शिवी देतील, पण मोहोरलेल्या कलमावर कोयता कोणी चालवत नाही. सायमनकाका घाव घालत होते आणि प्रत्येक घावाला पास्कूच्या दाराकडे बघत होते. फांदी कडकडत खाली आली.

दार उघडलं.

"कोण रे तो? मोहोरलेली फांदी तोडतंस? हात झडले नाय तुझे?"

"माझा कलम! तोडीन नायतर ठेवीन!"

"तुझा? कागद दाखव!"

"तू दाखव! केस तू घातलंस!"

पास्कूकाका अनवाणी बांधावर आले, हात रिकामे. आजोबांपासून सुरुवात झाली. कोणी कोणाच्या लग्नात जेवायला बोलावलं नाही, कोणी बोटीवरून आणलेलं घड्याळ दिलं नाही, कोणाची गाय कोणाच्या भातात गेली, सगळं निघालं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघांचेही घसे बसले होते. सायमनकाका कोयता उचलून निघाले आणि वळून म्हणाले, "उद्या सकाळी दुसरी फांदी तोडतंय. बघूया काय करतंस!"

"येवन बघ!" पास्कूकाका ओरडले. "मी हयच आसतलंय!"

जाता जाता सायमनकाका माझ्यासमोर थांबले. "जेवण पाठव तेका," एवढंच म्हणाले. त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊन आले, तिसऱ्या दिवशीही आले. फांदी दुसरी कुठली तोडली नाही, पण तोडणार म्हणून रोज सांगत. पास्कूकाका रोज सकाळी दाढी करून बांधावर राखणीला हजर. पुढे त्यांनी त्या तोडलेल्या फांदीचा पंचनामा करवून कोर्टात नवा अर्ज दिला. पंच मी. सायमनकाकांनी गुन्हा कबूल केला आणि का तोडली याचं कारण द्यायला नकार दिला. मीही कारण सांगितलं नाही.

बंदूक ते परत घ्यायला आले नाहीत. एकदा मीच विषय काढला तेव्हा म्हणाले, "आता कधी भांडण लागात, सांगूक येणा नाय." आम्ही दोघं ठाण्यात गेलो आणि बंदूक, काडतुसांचा डबा आणि परवाना कायमचा जमा करून आलो. फ्रॉक तेवढा त्यांनी सोडवून घेतला. पुढच्या ग्रामसभेत सायमनकाका म्हणाले, "एक बंदूक कमी झाली." पास्कूकाका म्हणाले, "तुझ्यामुळे नाय." ते खोटं होतं, पण सभेत कोणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर ते पुष्कळ जगले. अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत तारखेला गेले. पावसाळा संपता संपता एका पहाटे झोपेतच गेले. शवपेटीला पुढून खांदा सायमनकाकांनी दिला, तोही बांधावरून जाताना वाट आपल्या हद्दीतून नेऊन.

सगळं आटोपल्यावर आग्नेल त्यांना म्हणाला, अंकल, दावा मी काढून घेतो, कलमही तुम्हीच ठेवा. सायमनकाका एवढे संतापले की मध्ये मला पडावं लागलं. वारस म्हणून मुलाने आपलं नाव लावलंच पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी ते 'मयत पास्कू, तर्फे वारस आग्नेल' असं लावून घेतलं. आता तारखेला आग्नेल येत नाही, वकील येतो. सायमनकाका मात्र जातात.

परवा मला देवगडला काम होतं, तर एसटीत ते भेटले. मागच्या सीटवर बसलेले. पुढची सीट रिकामी होती तरी. मी शेजारी बसले आणि विचारलं, काका, जिंकल्यात जमा असलेला दावा कशाला चालवताय?

देवगडच्या अलीकडचं जामसंडं आलं तेव्हा त्यांनी तारखेचे कागद पिशवीतून काढून मांडीवर घेतले.

"तारखेक शिपाई भायर येता ना," मग म्हणाले, "तेव्हा तेचा नाव पुकारता. मोठ्यान. पुरा नाव. हय आता तेका हाक मारणारो दुसरो कोण आसा?"