रखमामावशी विचारायची

लालबागच्या आमच्या चाळीत रखमा घाडी तिसऱ्या मजल्यावर राहायची. मालवणकडची, नवरा लवकर गेलेला, गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. तिची एकुलती मुलगी कांता. पंचावन्न सालच्या गणपतीनंतर, सतराव्या वर्षी, कांताने जीव दिला. कसा, ते चाळीत कोणी मोठ्याने बोललं नाही. बाहेर ‘ताप डोक्यात गेला’ असंच सांगितलं.

रखमामावशी माझ्याशी एकदाच त्याबद्दल बोलली. “म्हयनोभर ती कोणाशी बोलूक नाय. मगे एक दिवस हसली. नवी लुगडी मैत्रिणींका देऊन टाकल्यान. माका वाटला, चेडू सावरला.” मग म्हणाली, “त्या दिवशी मी देवाक नारळ ठेवलंय गो.”

पुढच्या जानेवारीत मुंबईसाठी रस्ते पेटले, गोळीबार झाला. आमच्या मजल्यावरचा एकोणीस वर्षांचा लवू तांबे आणि त्याचा मित्र शिवा नाक्यावर होते. शिवा लवूच्या शेजारीच पडला. चाळीने शिवाच्या फोटोला हार घातले, सभेत त्याचं नाव घेतलं. लवूकडे कोणी पाहिलं नाही. तो काकाच्या, दत्तारामच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. रात्रशाळा सुटली, मग जेवणही.

मे महिन्यात एका दुपारी त्याने मला हाक मारली आणि आपलं बुलबुलतरंग माझ्या हातात दिलं. “ठेव तुला. मला आता लागायचं नाही.” कित्येक महिन्यांनी तो हसत होता. बारा वर्षांची मी, आनंदाने नाचत रखमामावशीला दाखवायला गेले. ती दुसऱ्या पाळीला निघाली होती, पायात चपला होत्या. वाद्य बघून तिने हातातला डबा खाली ठेवला. पाळीवर ती त्या दिवशी गेलीच नाही.

लवूच्या खोलीत शिरून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मी दारात उभी होते, मला घालवायचंही तिला सुचलं नाही.

“लवू, खरा सांग. जीव देवचो असा मनात?”

लवूने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, “शिवा गावाला निघाला होता, मावशी. ट्रंक बांधून झाली होती. मीच म्हटलं, चल, जरा बघून येऊ.”

‘तसं नाही रे’ असं ती म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, “कधी करूचा ठरयलंस?”

“उद्या. काका कामावर गेला की.”

“ह्या मी लपवून ठेवचंय नाय,” ती म्हणाली. “दत्तारामाक सांगतलंय. तू माझ्यावर रागाव हवो तर.”

लवू खरंच रागावला, ओरडला, आणि मग हमसून हमसून रडू लागला. दत्ताराम येईपर्यंत ती हलली नाही.

शेजारच्या कमळाबाईने तिला गॅलरीत गाठलं. “असलं अभद्र विचारतात का गं? पोराच्या डोक्यात नसलं तरी शिरेल!”

“कांताक मी इचारूक नाय,” रखमामावशी म्हणाली. “तरी शिरलाच मा?”

जीव द्यायचा प्रयत्न तेव्हा गुन्हा होता, म्हणून दत्ताराम आधी पोलिसांच्या नावाने घाबरला. पण त्याने ऐकलं. घरातली धोक्याची प्रत्येक वस्तू तिने आपल्या खोलीत नेऊन कुलपात ठेवली. मजल्यावरच्या माणसांनी आपापल्या पाळ्या बघून लवूजवळ बसायचं ठरवलं. आठवड्यातून एकदा दत्ताराम त्याला इस्पितळात डॉक्टरकडे न्यायचा.

एक चूक रखमामावशीच्या हातून झाली. मन मोकळं होईल म्हणून तिने लवूला शिवाच्या आईकडे, माटुंग्याला नेलं. त्या बाईने लवूला पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. त्या दिवसांत ती त्याच्याच खोलीत जेवायची, तिथेच अंग टाकायची. “माझा चुकला,” ती दत्तारामला म्हणाली. सबबी सांगत बसली नाही.

लवू जगला. पुढे गिरणीत लागला, लग्न केलं. साठ साली राज्य मिळालं, चाळ दिव्यांनी भरली, तेव्हा तो खोलीबाहेर आला नाही. दर जानेवारीत तो आजारी पडायचा, आणि त्या दिवसांत त्याची बायको रखमामावशीला बोलावून घ्यायची.

लवू सावरल्यापासूनच आजूबाजूच्या चाळींतल्या बायकाही तिला बोलवू लागल्या होत्या. पोरगं गप्प झालं, पोरगी खाईना, की रखमाला सांगा. सगळीच पोरं वाचली नाहीत. अठ्ठावन्न साली मालन नावाच्या मुलीने तिच्याच तोंडावर ‘नाही हो मावशी, तसलं काही नाही’ म्हणून हसून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी माहीमला बहिणीकडे जाऊन जीव दिला.

रखमामावशीने तेव्हा तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. माझी आई भात घेऊन गेली आणि म्हणाली, “तू विचारलं होतंस गं. आणखी काय करणार होतीस?”

“पुन्हा इचारूक होया होता,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी.”