लेन्सला कुंकू

मंडळी, आठ महिने तुम्हाला पिडलं, की ताऱ्यांच्या फोटोसाठी स्वस्तात कोणती लेन्स घेऊ? तुम्हीच म्हणालात, जुनी मॅन्युअल घे. ताऱ्यांना ऑटोफोकस लागत नाही, उजेड आत घेणारं अपर्चर मोठं हवं, बस.

आज सकाळी ती आली. सेकंडहँड, पण काच एकदम साफ. आज अमावस्या, म्हणून रात्री बरुआसागरच्या तळ्यावर जायचं पक्कं होतं.

मी आंघोळ करून आलो, तर काचेवर मधोमध हळद-कुंकू!

"आई, हे काय?"

"अमावस्येला नवीन वस्तू घरात आली, पूजा नको करायला?"

"अगं, जुनी आहे ती!"

"आपल्या घरात नवीनच ना?"

माझं तोंड बघून ती घाबरली. मी थांब म्हणायच्या आत तिनं कुंकू खसाखसा पुसून टाकलं. देव घासायच्या फडक्यानं. त्या फडक्यात रांगोळीची भुकटी असते.

ओरछा गेटजवळच्या कॅमेरा रिपेअरवाल्यानं काच उजेडात धरली. नुसते गोल गोल ओरखडे. "भैया, शादी-ब्याह में चल जाएगा. तारे भूल जाओ, सब धुंधले आएँगे."

घरी आलो तर आई दारातच उभी.

"झाली ना रे ठीक?"

"हो," म्हणालो.

तिनं रात्रीसाठी दशम्या बांधून ठेवल्यात. म्हणाली, "चांगला फोटो आला तर देवघराशेजारी लावू."

आता बॅग भरतोय. इतके सल्ले दिलेत, एक अजून द्या. उद्या सकाळी तिला काय दाखवू?