भास्करचा कायदेशीर आकडा

चार मराठी डोकी चहाला जमली की किस्से आपोआप साचतात. एक सांगून संपवावा, तोवर दोन नवे तयार!

नव्वदच्या दशकातली आमची सुरतची कंपनी म्हणजे पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलचं ऑफिस. अर्धे किस्से भास्कर पाटलाचे. माणूस शिरपूरचा, दिलदार, पण मटक्याचा आकडा लावल्याशिवाय घास उतरायचा नाही. विमलवहिनींनी निक्षून सांगितलं, "पुन्हा बेकायदा धंदा केलात तर मी माहेरी!" वहिनींवर त्याचा भारी जीव. तेव्हापासून मटका बंद आणि गड्याचा एकच धोशा: मटका कायदेशीर करा!

*

एकदा शेठनी दारातूनच विचारलं, "भास्करभाई, आजनो आंकडो शुं आव्यो?" त्यांना हवा होता रंगवलेल्या कापडाच्या मीटरचा आकडा. भास्कर तंद्रीत म्हणाला, "सत्ता!"

"आखा दिवसमां सात मीटर?" शेठ मटकन खालीच बसले.

*

आमचे अकाउंटंट कुलकर्णी मटक्याचे कट्टर विरोधक. "सरकारी लॉटरीचं वेगळं. तिच्यातून सरकारला कर मिळतो."

"कर मटकेवालेही भरतात की!" भास्कर म्हणाला. " हवालदार येऊन नेतो. फक्त पावती देत नाही!"

*

एकाच्या स्वप्नात सासू-सून आल्या. "छत्तीसचा आकडा! लाव छत्तीस!" भास्करनं फर्मावलं. भास्करला बिचाऱ्याला स्वतः लावायची चोरी ना! निघाला त्रेसष्ट.

"च्यायला," भास्कर हळहळला, "ऐनवेळी समेट झाला दोघींचा!"

*

मटक्याला परवानगी मिळेल का, यावर एकदा असा वाद पेटला की चहा गार. शेवटी कुलकर्णी टेबलावर हात आपटून ओरडले, "कधीच नाही मिळणार! लावा पैज!"

*

आणि नवापूर! एका लग्नाहून परतताना आम्ही स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. हे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. सीमा थेट बाकावरून जाते. वहिनी गुजरातेतल्या टोकाला टेकल्या. भास्कर बाहेरून महाराष्ट्राच्या लॉटरीचं तिकीट घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाला ऐटीत बसला.

"बघ विमल, इथं हे सरकारमान्य. तुझ्या टोकाला विकलं तर गुन्हा. आता काय म्हणशील?"

गाडी आली. भास्कर पिशवी उचलायला वाकला, तोच वहिनींनी ती ओढून घेतली.

"तुमी तठेच ऱ्हा कायदामा," त्या डब्यात चढत ठसक्यात अहिराणीत म्हणाल्या. "मी सुरतले जास!"