एकशे अठ्ठावीस झाकणं

कोकंद शहरातल्या बाजारामागच्या महकमच्या वर्कशॉपमध्ये झुल्हुमोर-ओपा, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, बत्तीस वर्षं जिग बनवत आली. जिग म्हणजे कामाचा तुकडा पकडून ड्रिलला नेमकी वाट दाखवणारा लोखंडी साचा. तो नीट जमला की नवख्याचंही भोक चुकत नाही. तिच्या प्रत्येक जिगवर डाळिंबाच्या फुलाचा ठसा असे. महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती, आणि जाण्याआधी एक शेवटची जिग करायला तिचे हात शिवशिवत होते.

संधी चालून आली. महकमच्या व्याह्यानं, सोतवोल्दीनं, आपल्या विहिरींवरच्या पंपांसाठी चाळीस झाकणांची ऑर्डर दिली आणि वर सांगितलं, पुढं हजार लागतील. महकम हरखला. म्हणाला, "ओपा, करून टाका जिग."

ओपानं खडूनं बाकावर हिशेब मांडला. हातानं आखून भोकं पाडायची तर झाकणाला वीस मिनिटं, जिगमध्ये पाच. वाचली पंधरा. जिग करायला आठ-आठ तासांचे चार दिवस. म्हणजे एकशे अठ्ठावीस झाकणं निघाली तर मेहनत फिटते. त्याखाली नुसती हौस. तिला गप्प बसता आलं असतं. मालकच मागत होता, आणि तिला तर ती हवीच होती.

तरी तिनं महकमला सांगितलं, हजार नक्की का ते विचार. त्याचं तोंड उतरलं. व्याह्याला आकडा विचारायचा म्हणजे लेकीच्या सासरी भांडण धाडायचं.

गुरुवारी व्याही पुलाव खायला आला, तेव्हा तिनंच विषय काढला. "सोतवोल्दी-अका, विहिरी किती खोदल्यात?"

"चाळीस."

"मग हजार झाकणं बसवणार कुठं?"

सोतवोल्दी दाढीतल्या दाढीत हसला. "व्याह्याच्या दारात नुसतं चाळीस म्हणायला जीभ रेटेना, ओपा."

जिग गेली. ओपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुलावातल्या कांद्यावर ढकललं. मग चष्मा पुसून चाळीसही झाकणं हातानं आखून भोकं पाडली.

शेवटच्या दिवशी महकमनं दहा-दहा झाकणांची थप्पी लावून वरून सळई सोडली. प्रत्येक भोकातून ती सरळ तळाला गेली. त्यानं डाळिंबाचा ठसा आणून तिच्यापुढं ठेवला. "मारा यांच्यावर."

"ठसा जिगवर मारतात."

"या खेपेला जिग तुम्हीच होतात, ओपा."

तिनं वरच्या झाकणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बत्तीस वर्षं लागली ही जिग करायला. चाळीस झाकणांत कसली परवडतेय?"

आणि तिनं हातोडी मागितली.